ह्यांची इमारत

माणूस गेल्यानंतर त्याच्या वाट्याला काय यावं, हे तो असताना कुठे बसत होता यावर अवलंबून असतं. दुकानात बसणाऱ्याच्या वाट्याला भिंतीवरचा फोटो येतो. सभागृहात बसणाऱ्याच्या वाट्याला आख्खी भिंत येते, तिच्या मागच्या खोल्यांसकट. यात अन्याय काही नाही. दुकानदाराची आठवण गिऱ्हाइकं आपणहून काढतात. नेत्याच्या आठवणीची व्यवस्था करावी लागते.

आमच्या भागातले नेते गेले तेव्हा ही व्यवस्था विनाविलंब झाली. शोकसभेच्या खुर्च्या गोळा व्हायच्या आत नामकरण समिती स्थापन झाली होती, आणि तिचे अध्यक्ष म्हणून नेत्यांचे धाकटे भाऊ (पुढे त्यांच्याच जागेवर निवडून आलेले) डोळे पुसत पुसत बसलेही होते. त्यांना सगळे भाऊजी म्हणतात. बिननावाच्या सरकारी इमारती दोनच उरल्या होत्या, बाकीच्या आधीच्या दिवंगतांनी व्यापलेल्या. एक जनावरांचा दवाखाना आणि दुसरी पाणी खात्याची कचेरी. दवाखान्याचं नाव विरोधकांनी सुचवलं, म्हणून कचेरी एकमताने ठरली.

नियमाप्रमाणे नेत्यांचा त्या इमारतीशी काहीतरी संबंध दाखवणं भाग होतं. तो समितीने शोधून काढला. विरोधात असताना नेत्यांनी कचेरीच्या दाराला टाळं ठोकलं होतं (आंदोलन). सत्तेत आल्यावर ते टाळं त्यांच्याच हस्ते उघडण्यात आलं (उद्घाटन). ज्याने दार बंदही केलं आणि उघडलंही, त्याच्याइतका त्या दाराशी संबंध फक्त शिपायाचा असू शकतो, आणि शिपाई जिवंत होता.

नुसतं नाव देऊन भागत नाही. नावाच्या आधी पदव्या लागतात. नेते चार पक्षांत राहून गेले होते आणि चारही पक्षांनी त्यांच्यावर हक्क सांगितला. पहिल्याने 'निष्ठावंत' ही पदवी दिलेली होती (ते सोडून जाण्याच्या आदल्या आठवड्यात). दुसऱ्याने 'स्वाभिमानी' (ते आले त्या दिवशी). तिसऱ्याने 'संयमी' (तिकीट नाकारलं तेव्हा). चौथ्याने 'सर्वसमावेशक', कारण आधीचे तिन्ही पक्ष त्यांच्यात मावलेले होते. शिवाय लोकनेते, विकासमहर्षी, गोरगरिबांचे कैवारी, शिक्षणप्रेमी आणि क्रीडाप्रेमी या पदव्या कुणी दिल्या ते सापडलं नाही, पण छापखान्याच्या सवयीच्या होत्या म्हणून राहू दिल्या.

पाटी लागली. मला अक्षरं चाळिशीनंतर आली, त्यामुळे कुठलीही पाटी मी फुकट जाऊ देत नाही. ही वाचायला घेतली तेव्हा मी इमारतीच्या डाव्या कोपऱ्यावर होतो, संपली तेव्हा पोस्टापाशी. पाटीमुळे पहिल्या मजल्याच्या सगळ्या खिडक्या झाकल्या गेल्या आणि तिथे दिवसाही दिवे लावावे लागतात. कर्मचाऱ्यांची तक्रार नाही. पूर्वी बाहेर बघण्यात फार वेळ जायचा.

अडचण एवढीच होती, की लोक इमारतीला पूर्वीसारखंच 'पिवळी इमारत' म्हणत राहिले. रिक्षावाले पिवळी म्हणत, पोस्टमन पिवळी म्हणत, खुद्द खात्याची माणसं घरी फोन करून "पिवळीतून निघतोय" म्हणून सांगत. समितीने मुळावरच घाव घालायचा म्हणून इमारतीला हिरवा रंग दिला. लोक म्हणू लागले, "ती पिवळी, आता हिरवी आहे ती."

तेव्हा भाऊजींच्या सहीने परिपत्रक निघालं. यापुढे खिडकीवर येणाऱ्याने आपलं काम सांगण्यापूर्वी इमारतीचं संपूर्ण नाव, सर्व पदव्यांसह, पाटीवरच्या क्रमाने उच्चारावं. चुकल्यास रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा यावं. या योजनेला 'नामोच्चार' असं म्हणतात. पहिल्याच महिन्यात पाण्याच्या तक्रारी जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि खात्याला कार्यक्षमतेची ढाल मिळाली.

आता आमच्या गल्लीविषयी. आमची गल्ली कचेरीच्या मागे आहे, आणि तिचं पाणी कचेरीच्या अंगणाखालून येतं. म्हणजे येत होतं. अंगणात नेत्यांच्या अर्धपुतळ्यासाठी चौथरा बांधायचं ठरलं, पाया खणताना कुदळ नळाच्या पाइपावर बसली, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत वर काँक्रीट पडलं. गल्लीचे नळ कोरडे झाले. आम्ही बादल्या घेऊन थेट बाजाराच्या टोकाला जाऊ लागलो. आमच्याबरोबर, कमरेवर कळशी घेऊन, नेत्यांची बायकोही येऊ लागली.

त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणते. नेते मोठे झाले, भाऊजी नव्या वसाहतीत बंगल्यात गेले, पण वहिनींनी गल्लीतलं घर सोडलं नाही. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. दुसऱ्या कुणाला कळशी धरू देत नसत. दोन वळणांवर थांबून श्वास घेत आणि म्हणत, "चला, ह्यांनी घरोघरी पाणी देईन म्हणून सांगितलंच होतं. कुणी आणायचं ते सांगायचं राहिलं."

तक्रार करायला प्रथम गल्लीतला शिंपी गेला. त्याने 'क्रीडाप्रेमी' आधी आणि 'शिक्षणप्रेमी' नंतर म्हटलं. खिडकीवरचा कारकून (त्याला लोक 'पुढचा' म्हणतात, कारण दिवसभर तो एवढंच बोलतो) म्हणाला, "पुढचा!" मग बस कंडक्टर गेला. त्याने थांब्यांची नावं घ्यावीत तसं सगळं नाव एका दमात, बिनचूक म्हटलं. परंतु आवाजात आदर आढळला नाही, असा शेरा मारून त्यालाही परत पाठवण्यात आलं. निवृत्त मास्तर गेले. त्यांनी आदराने म्हटलं, पण इतक्या आदराने की 'गोरगरिबांचे'पर्यंत आले आणि जेवणाची सुट्टी झाली.

शेवटी माझी बायको म्हणाली, "तुम्ही पुरुष माणसं नुसती जाऊन येताय. वहिनींना न्या. त्यांच्या घरातलंच नाव आहे, त्यांचं कुठे चुकणार?"

हे कुणालाच सुचलं नव्हतं. वहिनींना घेऊन मी गेलो, मागे शिंपी आणि कंडक्टरही पुन्हा रांगेत लागले. रांग हलत हलत त्यांचा नंबर आला.

"नामोच्चार," पुढचा वर न बघता म्हणाला.

वहिनींनी पदर सारखा केला आणि सुरुवात केली. निष्ठावंत, स्वाभिमानी, संयमी, सर्वसमावेशक. लोकनेते, विकासमहर्षी, गोरगरिबांचे कैवारी. शिक्षणप्रेमी आधी, क्रीडाप्रेमी नंतर. एकही इकडची तिकडे नाही. आयुष्यभर घरासमोरच्या कर्ण्यातून ऐकलेलं होतं. रांगेतला शिंपी तर ओठ हलवत बरोबर म्हणत होता. शेवटची पदवी म्हणून झाल्यावर वहिनी थांबल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "...हे."

"शेवटचं राहिलं," पुढचा म्हणाला. "मुख्य नाव."

"तेच सांगितलं. हे."

"हे म्हणजे कोण?"

"आमचे हे."

"बाई, इथे येणाऱ्या प्रत्येक बाईचे कुणीतरी हे असतात. मी कसं ओळखायचं?"

"ते काय, तुमच्या डोक्यावर हार घालून बसलेत, ते."

पुढच्याने मान वळवून फोटो बघितला. "बोट दाखवून चालत नाही. उच्चार पाहिजे."

"अहो, बावन्न वर्षांच्या संसारात नाही घेतलं नाव, ते आता तुमच्या खिडकीत घेऊ? सासूबाई सांगायच्या, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं."

"आता कमी व्हायला काय उरलंय?"

"म्हणून सवय मोडायची? ह्यांनी सगळं बदललं बाबा, पक्ष बदलले, गाड्या बदलल्या. घरात एकाने तरी काहीतरी धरून ठेवायला नको?"

मागून कंडक्टर ओरडला, "घ्या की वहिनी, आता ऐकायला कोण बसलंय!"

"तेच बसलेत ना," वहिनी फोटोकडे बघून म्हणाल्या.

पुढच्याने नियम पुन्हा एकदा वाचला. बायकोचा उल्लेख त्यात नव्हता. "पुढचा!" तो म्हणाला, आणि वहिनी नवऱ्याच्या इमारतीत रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

मी बाहेर जाऊन भाऊजींना फोन लावला. ते गाडीतून आले, वहिनींच्या पाया पडले आणि खिडकीवर जाऊन म्हणाले, "अरे, माझी वहिनी आहे ती. घे तक्रार लिहून."

"घेतो साहेब. नामोच्चार," पुढचा म्हणाला. "सही तुमचीच आहे खाली."

भाऊजींना हसू आलं. त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्याच पदवीला अडखळले. 'निष्ठावंत' ही पहिल्या पक्षाने दिलेली. त्या पक्षाशी भाऊजींच्या पक्षाचं हाडवैर. 'निष्ठावंत' म्हणावं तर कुणाशी, हा प्रश्न उद्या वरिष्ठ विचारणार. न म्हणावं तर नियम मोडतो. रांगेत दोघंतिघं मोबाइल उंच धरून उभे होतेच. भाऊजींनी 'स्वाभिमानी'पासून सुरुवात केली.

"पुढचा!"

भाऊजी रांगेत वहिनींच्या मागे लागले.

"उन्हातून आलात, तहान लागली असेल ना तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "पाणी दिलं असतं, पण तुमच्या चौथऱ्याखाली आहे ते."

नामकरण समितीची तातडीची बैठक मग, सदस्यांना फोन करून बोलावून, तिथेच रांगेत उभ्या उभ्या झाली (अध्यक्षांना नंबर घालवायचा नव्हता). नियम मागे घ्यावा असं एका सदस्याने सुचवलं. तो नवा होता. नियम मागे घेणं म्हणजे नेत्यांचा अपमान, हे त्याला समजावून सांगण्यात आलं. मग वहिनींपुरती सूट द्यावी का? द्यावी, पत्नी म्हणजे कुटुंब. पण कुटुंबाला सूट दिली तर कुटुंबात कोण कोण, हे ठरवावं लागेल. तेव्हा मोठ्या साहेबांनी (खात्याचे प्रमुख, जे आवाज ऐकून वरून खाली आले होते) आठवण करून दिली, की नेत्यांनी प्रत्येक भाषणाची सुरुवात "तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात" या वाक्याने केलेली आहे. चारही पक्षांत असताना केलेली आहे. त्यांच्या सगळ्या भूमिकांपैकी कधीही न बदललेली ही एकच. ती आपण बदलणार का?

कुणाचीच हिंमत झाली नाही. समितीने ठराव केला: ज्या अर्थी येथील सर्व जनता दिवंगत नेत्यांचं कुटुंब आहे, आणि ज्या अर्थी कुटुंबात त्यांना 'हे' म्हणण्याची रीत आहे, त्या अर्थी यापुढे 'हे' हाच पूर्ण व पुरेसा नामोच्चार समजण्यात यावा.

वहिनी पुन्हा खिडकीवर गेल्या. "हे," त्या म्हणाल्या.

"बोला, काय काम आहे?" पुढचा म्हणाला. हे वाक्य तो बऱ्याच दिवसांनी बोलत असावा. त्याचं त्यालाच नवल वाटलेलं दिसलं.

तक्रार ऐकून मोठे साहेब गंभीर झाले. पाइप दुरुस्त करायचा तर चौथरा हलवावा लागणार, आणि दिवंगतांना जागेवरून हलवणं कुणाच्याच अधिकारात नव्हतं.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "हे एका जागी कधी उभे राहिले होते? सरकवा. त्यांना सवय आहे."

मोठ्या साहेबांनी पूर्वीचे दाखले तपासायला सांगितले. पक्षांतराचे तीन सापडले. चौथरा सरकला, पाइप जोडला गेला, आणि आमच्या गल्लीत पाणी आलं. वहिनींनी कळशी नळाखाली लावली आणि ती भरून वाहून जाईपर्यंत तशीच ठेवली. खात्याच्या भाषेत याला अपव्यय म्हणतात. त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही.

आता परिस्थिती पूर्ण समाधानकारक आहे. पिवळी इमारत हा शब्द कुणाच्या तोंडी उरलेला नाही. मिशीवाले हमाल रिक्षात बसून "ह्यांच्याकडे घे रे" म्हणतात. हवालदार वायरलेसवर कळवतो, "ह्यांच्यासमोर गर्दी आहे, ओव्हर." कंडक्टर थांबा आला की "हे आले, हे आले, उतरा!" म्हणून घंटी मारतो, आणि रोज दिवसातून कितीतरी वेळा नेते येतात. भाऊजींनी खात्री करून घेण्यासाठी पाहणी करवली. शंभरातल्या शंभर लोकांनी इमारतीचा उल्लेख 'ह्यांची' असा केला. नेत्यांचं मूळ नाव काय, या रकान्यात सगळ्यांनी 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं. पाहणी करणाऱ्याने खरं उत्तर पडताळायला पाटीकडे बघितलं, पण पदव्या वाचता वाचता त्याची सुट्टी झाली.

वहिनींना एवढंच वाटतं, की जरा जास्तच झालं. परवा नळावर मला म्हणाल्या, "जिवंत होते तोवर लोकांचे होते. वाटलं, गेल्यावर तरी माझे होतील. आता बघावं तो माणूस त्यांना हे म्हणतोय. त्या हवालदाराला मी काय म्हणू, सवत?"

वाचकांच्या माहितीसाठी कळवण्यात येतं, की खुद्द त्यांनाही आता खिडकीवर काही अडचण येणार नाही. इतका वेळ तुम्ही ह्यांच्याविषयी वाचलंत. त्यांचे पक्ष कळले, पदव्या कळल्या, बायकोचे गुडघे दुखतात तेही कळलं, आणि त्यांचं नाव काय, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. विचारायचं कारणही नव्हतं. कुटुंबातलं माणूस असं विचारत नाही.

खिडकी दहाला उघडते. पदर नसला तरी चालेल.