निमाताईंचा टी

आमच्या मिलच्या फाटकाबाहेर लोचोच्या दोन गाड्या आहेत. लोचो म्हणजे वाफवलेल्या डाळीचा मऊ गोळा, वर तेल आणि शेव. यातली चांगली गाडी कोणती, हे ठरवायला निमाताईंनी वीस दिवस घेतले. रोज चिठ्ठी काढायची, निघेल त्या गाडीवर खायचं आणि वहीत गुण लिहायचे. शेवटी म्हणाल्या, "सरासरीत डावी पुढे आहे. पण तिला आज आठ, उद्या चार. अशा लहरी गाडीची नुसती सरासरी घेऊन काय करू?"

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या या डाइंग मिलमध्ये मी डिस्पॅचला आहे आणि ताई लॅबमध्ये. कापडाची ताकद तपासणं हे त्यांचं काम. कुणी दोन सरासऱ्या पुढे केल्या की त्या विचारतात, "चढउतार किती? नमुने किती?" मग कागद ओढून टी काढतात, म्हणजे संख्याशास्त्रातला एक आकडा. दोन सरासऱ्यांमधलं अंतर चढउताराच्या मानाने पुरेसं मोठं असेल, म्हणजे टी मोठा आला, तरच फरक मानायचा. नाहीतर तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

एकदा शेठ लॅबमध्ये आले. हिरामण हा नंदुरबारकडचा कारागीर. त्याच्या पाळीतलं कापड कमजोर निघतं, म्हणून शेठना त्याला काढायचं होतं. ताईंनी त्याच्या आणि दुसऱ्या कारागिराच्या पाळीतले दहा-दहा तुकडे मशीनवर ताणून फाडले आणि टी काढला.

"हिरामणनो आंकडो ओछो छे ने?" शेठनी विचारलं.

"कमी आहे. पण एकट्या हिरामणच्या तुकड्यांतच याहून जास्त वरखाली आहे."

"म्हणजे दोघे सारखे?"

"तसं मी म्हटलं नाही. फरक सिद्ध झाला नाही, एवढंच. एवढ्यावर माणूस काढू नका. अजून तुकडे तपासू."

आणखी तीस-तीस तुकडे फाडले. फरक तेव्हाही ठरला नाही आणि हिरामण राहिला. तो हात जोडून आला. "ताई, तुमी मनी नोकरी वाचाडी."

"मी नाही, टीने वाचवली."

हिरामणला ते चहाबद्दल वाटलं. तेव्हापासून तो रोज सकाळी त्यांच्या टेबलावर आल्याचा चहा ठेवतो. ताईंनीही कधी खुलासा केला नाही.

परवा एक रिपोर्ट शोधताना माझ्या हाती त्यांची वही आली. एका पानावर दोन रकाने होते: 'दुपारी घरी गेले' आणि 'नाही गेले'. खाली नुसते आकडे. मी विचारलं.

"आईचे घास," त्या म्हणाल्या. "ती हल्ली मला ओळखत नाही. बाई भरवते. मी समोर बसले की दोन घास जास्त खाते का, ते बघत होते."

"मग?"

"टी अगदीच लहान आला."

बाहेर ऊन रणरणत होतं. ताईंनी डोक्याला ओढणी गुंडाळली आणि स्कूटरची किल्ली उचलली.

"तरी रोज जाता?"

"तिच्यासमोर बसलं की मला जेवण जातं," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.