वामनरावांचा राहिलेला चहा

मत मागायला आलेला माणूस आपल्याला काय काय जमणार नाही ते आधी सांगतो, हे मी फक्त वामनराव ढोकांच्या बाबतीत पाहिलं.

इकडे हिंदी मुलखात, आमच्या साकेत नगरातल्या गल्लीच्या टोकाला ते एकटेच राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून पार्षदपदाची, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाची, प्रत्येक निवडणूक अपक्ष लढवतात. हरतात.

"ढोक साब, बिजली का बिल कम कराओगे?" इस्त्रीवाल्या गुप्ताने मागच्या खेपेला विचारलं.

"वो पार्षद के हाथ में नहीं."

"लड़के की नौकरी?"

"वो भी नहीं."

"तो साब, अपन आपको वोट काहे का दें?"

"नाली का!" वामनराव अभिमानाने म्हणाले.

आमच्याकडे ते दारातच प्रचार उरकत. माझी पत्नी सुधा चहा विचारायची. "नको वहिनी. उमेदवारानं मतदाराकडचा चहा घेऊ नये. निकालानंतर येतो."

"अहो, लाच उमेदवार देतो. मतदार कधीपासून द्यायला लागले?"

पण निकालानंतर ते कधीच आले नाहीत. हरल्यावर कोणत्या तोंडानं यायचं, म्हणत. एरवीही कुणाकडे जात नसत. "निवडणूक नसली, तर हा माणूस कुणाचं दार वाजवेल हो?" सुधा म्हणायची.

ती हिवाळ्यात गेली. पुढे आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. गल्लीत लोक वामनरावांना हसले. मला मात्र सुधाचा प्रश्न आठवला.

प्रचाराचे भोंगे फिरू लागले, त्याच आठवड्यात सकाळी बेल वाजली. दारात वामनराव. कडक इस्त्रीचा सदरा, हात सवयीनं जोडलेले.

"उभा नाहीये," ते घाईनं म्हणाले. "मत मागायला नाही आलो."

"या ना आत."

ते उंबऱ्यातच घुटमळले. "वहिनींकडचा चहा राहिला होता. मी आपला निकालानंतर, निकालानंतर करत बसलो."

मी चहा टाकला. सुधा गेल्यापासून स्वतःपुरताच करत होतो. आधण किती ठेवायचं तेच कळेना. पहिल्या घोटाला लक्षात आलं, साखर विसरलो होतो.

"थांबा, आणतो."

"असू द्या. चांगला झालाय." त्यांनी कप तळापर्यंत संपवला. सुधाच्या फोटोला हात जोडले. आपल्याला काय जमणार नाही, ते या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

दाराशी चपला घालताना मात्र बराच वेळ चपलेचा अंगठा सापडेना त्यांना.

"उद्या," ते खालीच बघत म्हणाले, "काही काम नसताना आलो, तर चालेल?"