एकोणीस ओंडक्यांची विल्हेवाट

दिवाळी आटोपली आणि खारमाळ गावच्या हरेश्वर नाईक यांच्या परसातलं आंब्याचं एक झाड मेलं. मृत्यूचं कारण भिरूड. भिरूड म्हणजे आंब्याचं खोड आतून पोखरणारी जाडजूड पांढरी अळी. तिने दोन वर्षं खोडात बसून एकही सुट्टी न घेता, कुणाला त्रास न देता, बाहेर फक्त चिमूटभर भुसा टाकत काम केलं आणि ते पूर्ण केलं. पंचक्रोशीत इतक्या निष्ठेने पूर्ण झालेलं दुसरं काम हरेश्वरना आठवेना.

परसात आंब्याची झाडं दोनच होती. मेलं ते उगवतीचं. मावळतीचं जिवंत होतं आणि दोघांत अंतर होतं बारा फूट. मावळतीचं झाड मैनाने, म्हणजे हरेश्वरांच्या पत्नीने, लग्न होऊन आली त्या वर्षी कोय पुरून लावलं होतं. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं मुंबईपर्यंत जायचं.

कृषी खात्याच्या माणसाने येऊन खोडाला कान लावला आणि सल्ला दिला तो स्पष्ट होता. "आत अजून अळ्या आहेत. जूनमध्ये त्यांचे भुंगे होऊन बाहेर पडतील आणि समोरच्या झाडावर अंडी घालतील. त्याआधी हे तोडा आणि लाकूड जाळून टाका. काडीसुद्धा ठेवू नका."

"उद्याच तोडा," मैना म्हणाली. "कुऱ्हाड हाय घरात."

"अगो, परवानगी?"

"मेलाय त्यो. मेल्याला कसली परवानगी?"

पण हरेश्वरांनी एकोणतीस वर्षं रेवसच्या धक्क्यावर लाँचच्या तिकिटांची खिडकी सांभाळली होती. लाँच सुटत असताना धापा टाकत आलेल्या माणसालाही त्यांनी रांगेच्या शेवटी उभं केलं होतं. अशा माणसाने विनापरवाना कुऱ्हाड उचलणं शक्य नव्हतं. ते तालुक्याला गेले आणि तिथल्या वृक्ष कक्षात त्यांनी अर्ज दिला. तोपर्यंत त्या झाडाची नोंद जगात कुठेही नव्हती.

वृक्ष कक्षात दिपेश नावाचे तरुण, अत्यंत नम्र अधिकारी होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काका, मेलेलं झाड तोडायला परवानगी लागतच नाही."

"मग तोडू?"

"तोडा की. फक्त ते मेल्याचा दाखला लागेल."

"तो कोण देतं?"

"आम्हीच. पाहणी करून."

पाहणी जानेवारीत झाली. दिपेश मोबाईल घेऊन झाडाभोवती फिरले आणि उगवतीच्या फांदीपाशी थबकले. तिथे हिरवी पानं होती.

"काका, झाडाला पालवी आहे."

"ती गुळवेल आहे, साहेब. मेलेल्या झाडावर चढलीय."

"असेल. पण फोटोत वेगळं दिसत नाही." दिपेशनी फोटो दाखवला. फोटोत अक्षांश होते, रेखांश होते, वेळ होती आणि हिरवी पानं होती. अहवालात नोंद झाली : 'झाड जिवंत असून त्याची प्रकृती खालावलेली आहे.'

"गुळवेल उपटून टाकू का?" मैनाने विचारलं.

"आता नका, वहिनी. आता ती पुराव्याचा भाग आहे."

झाड जिवंत ठरल्यामुळे तीस दिवस हरकती मागवणं आलं. गावातून एकही हरकत आली नाही. एक आली ती शेजारच्या बंगल्यातून. बंगल्याचं नाव 'अरण्य'. मालकीण अमिषा मॅडम दर शनिवारी मुंबईहून कॅटमरान बोटीने मांडव्याला उतरत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. बंगला बांधताना तिथली अडतीस झाडं गेली होती. आता तिथे हिरवळ आणि तरणतलाव होता, आणि सावलीची उणीव त्यांना मनापासून जाणवत होती.

त्या नाईकांच्या परसात आल्या आणि त्यांनी मेलेल्या झाडाला मिठी मारली.

"हरेश्वरभाई, ही आपल्या गावाची फुप्फुसं आहेत."

"मॅडम, याला भिरूड लागलीय."

"आजारी माणसाला आपण मारतो का?"

मैना चुलीशी होती. तिथूनच ती म्हणाली, "मेल्यावर जाळतो मात्र."

सुनावणी झाली. अमिषा मॅडमनी जड अंतःकरणाने हरकत मागे घेतली, कारण झाड गेलं की त्यांच्या गच्चीवरून समुद्र दिसणार होता. फेब्रुवारीच्या शेवटी परवानगी मिळाली, झाड पडलं, एकोणीस ओंडके झाले. दिपेशनी प्रत्येकावर लाल रंगाने क्रमांक घातला आणि अटींचा कागद हरेश्वरांच्या हाती ठेवला.

हरेश्वरांनी तो उभ्यानेच वाचला. पहिली अट : लाकूड जाळू नये, हवा दूषित होते. दुसरी : लाकूड गावाबाहेर नेऊ नये, कीड पसरते. तिसरी : लाकूड आवारात ठेवू नये, कीड पसरते. चौथी : तीस दिवसांत योग्य विल्हेवाट लावावी, न लावल्यास लाकूड कक्षाकडे जमा होईल.

"साहेब, जाळायचं नाही, न्यायचं नाही, ठेवायचं नाही. मग करायचं काय?"

"पहिल्या तीन अटी वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत, काका," दिपेश समजुतीने म्हणाले. "आमची फक्त चौथी. आणि ती किती मोघम आहे बघा. मुद्दाम ठेवलीय, लोकांना अडचण नको म्हणून."

घरी आल्यावर हरेश्वर ओट्यावर बसून राहिले. मैनाने चहा आणला, अटींचा कागद वाचला आणि पंचांग काढलं.

"होळी कधी हाय?"

हरेश्वर दचकले. खारमाळमध्ये होळीचं लाकूड विकत आणत नाहीत, चोरतात. होळीच्या आधी कुणाची वाटेल ती लाकडी वस्तू न्यावी, होळीत घालावी आणि मालकाने दुसऱ्या दिवशी तिथेच नैवेद्य दाखवावा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तक्रार कुणी करत नाही. हरेश्वरांना लाकूड जाळून कायदा मोडायचा नव्हता, पण त्यांच्या नकळत ते चोरीला गेलं तर त्यांचा नाइलाज होता. होळीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एकोणीसच्या एकोणीस ओंडके फाटकाशी रचले, लाल क्रमांक रस्त्याकडे येतील असे, म्हणजे नेणाऱ्याला मोजायला सोपं. मग दारं-खिडक्या लावून घेतली.

सकाळी ओंडके होते तसे होते. फाटक गेलं होतं. शिवाय ओट्यावरचा बाक आणि मैनाच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार.

हरेश्वर तडक होळीच्या माळावर गेले. मंडळाचा अध्यक्ष केतन, दोन डंपरचा मालक, ढिगाऱ्यावर उभा राहून त्यांचंच फाटक रचत होता.

"केतन, ओंडके का नाही नेलेस?"

"काका, त्यावर सरकारी नंबर हाय."

"मग काय झालं?"

"नंबर असलेलं चोरलं तर ती चोरी व्हईल ना!" केतनला खरंच धक्का बसला होता. "आमचं मंडळ नोंदणीकृत हाय, काका. असली कामं आम्ही न्हाय करत."

"निदान बाक तरी दे परत."

"बाक आता देवाचा. तुमी पुरणपोळी घेऊन या संध्याकाळी."

हरेश्वर पुरणपोळी घेऊन गेले. बाक छान पेटला होता. एकतिसाव्या दिवशी टेम्पो आला आणि ओंडके कक्षाकडे जमा झाले. मैनाने टेम्पो वळणाआड जाईपर्यंत पाहिला.

"गेली एकदाची पीडा," ती म्हणाली. "मावळतीचा वाचला."

हरेश्वरांना प्रथमच वाटलं की यंत्रणा उशिरा का होईना, काम करते. हे वाटणं बावीस एप्रिलपर्यंत टिकलं.

ओंडक्यांचं काय करावं यासाठी कक्षाने एक समिती नेमली होती आणि तीत जागरूक नागरिक म्हणून अमिषा मॅडम होत्या. लाकूड जाळणं समितीला अमानुष वाटलं. ते कापलं गेलं. फळ्यांवर बोटभर रुंदीची गोल भोकं होती, ती पाहून अमिषा मॅडम हरखल्या. "किती अस्सल! मशीनला असं जमणारच नाही!" त्यांच्या ओळखीच्या कारखान्यात त्या फळ्यांचे चौदा टीपॉय झाले. एक त्यांनी 'अरण्य'च्या दिवाणखान्यात ठेवला, बाकीचे मुंबई-पुण्याच्या घरांत गेले. एक फळी उरली. वसुंधरा दिनाला तिच्यावर सुबक हिरव्या अक्षरांत लिहिलं गेलं : 'किडीपासून झाडे वाचवा.'

फलक कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता. खारमाळमधलं, पत्ता, अक्षांश आणि रेखांश यांसकट नोंदीत असलेलं आंब्याचं आवार एकच होतं. दिपेश स्वतः आले, सोबत हातोडा घेतलेला माणूस. मावळतीच्या खोडावर चार इंची चार खिळ्यांनी फलक ठोकला गेला.

"साहेब, हे उगवतीचंच लाकूड आहे!" हरेश्वर अक्षरशः हात जोडून उभे राहिले. "आत अळी असेल. ती बघा, भोकं!"

"काका, ते लाकूड होतं तेव्हा. आता तो फलक आहे." दिपेशनी रंग वाळला का ते बोटाने पाहिलं. "फलकाला कीड लागल्याची नोंद कुठल्याच नमुन्यात नाही."

"काढला तर?"

"सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. पण तुम्ही असं करणार नाही, मला खात्री आहे. तुमच्यासारखे नागरिक आहेत म्हणून तर कक्ष चालतो."

हरेश्वरांनी फलक काढला नाही. त्यांनी तो काढण्यासाठी अर्ज केला. मैनाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढायची, पण ताटात लोणचं नसे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 'वाचवा'मधल्या 'च'च्या पोटाला एक नवं गोल भोक पडलेलं दिसलं. करंगळीहून रुंद, कडा स्वच्छ. भुंगा नोंद न करता निघून गेला होता. ऑगस्टमध्ये मावळतीच्या खोडावर, फलकाच्या वीतभर खाली, चिमूटभर ओला भुसा आला.

हरेश्वर आत गेले आणि कागद घेऊन बसले. 'विषय : मावळतीच्या झाडावर उपचार करण्यास परवानगी मिळणेबाबत.' अर्ज दोन पानांचा झाला. सही करून ते बाहेर आले, तर मैना झाडापाशी उकिडवी बसली होती. हातात मोडक्या छत्रीची तार होती, टोकाला आकडा वळवलेला. तिने भुशाचं भोक कोरून मोकळं केलं, तार हळूहळू आत सरकवली, फिरवली आणि ओढली. आकड्याला एक पांढरी, लठ्ठ, वळवळणारी अळी अडकून बाहेर आली. कोंबडीने ती तिथल्या तिथे निकालात काढली.

"स्कूटरमधलं थोडं पेट्रोल द्या," मैना म्हणाली. चार महिन्यांतलं हे तिचं पहिलं वाक्य. "न् बोळा करायला कायतरी."

हरेश्वरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हातातला दोन पानी अर्ज तिच्यापुढे धरला. मैनाने तो सहीसकट चुरगळला, पेट्रोलमध्ये बुडवला, भोकात ठासला आणि वर चिखल लिंपला. हरेश्वरांचा एखादा अर्ज इतक्या तातडीने निकाली निघण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर त्यांनी स्वतः पहार आणली आणि फलक उचकटला. त्या दिवशी आंघोळीचं पाणी फलकावर तापलं. ताटात लोणचं आलं.

झाड जगलं. गणपतीत अमिषा मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात चमकदार कागदात गुंडाळलेला, लाल फीत बांधलेला टीपॉय होता.

"मैनाताई, तुमच्यासाठी. दिवसभर आतून करकर असा आवाज येतो, आणि खाली भुसा पडतो. आमच्या गालिच्याला शोभत नाही. म्हटलं, टाकून देण्यापेक्षा कुणा गरजूच्या उपयोगी पडेल."

मैनाने टीपॉय घेतला, आभार मानले आणि फीत तेवढी सोडवून ठेवली. पुढची आंघोळ टीपॉयवर झाली.

राहिले तेरा. ते कुठे आहेत याची नोंद कक्षाकडे नाही. तुमच्यासमोर या क्षणी जो टीपॉय आहे, ज्याच्या भोकांचं पाहुण्यांनी कौतुक केलं होतं, त्याला जरा पंखा बंद करून कान लावा. करकर ऐकू आली तर घाबरू नका. ते लाकूड तुम्ही जाळणार नाही हे उघडच आहे. इतक्या किमतीची वस्तू कोण जाळतं? तुम्ही तो पुसून स्वच्छ कराल आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकाल. त्यांच्या दारात आंब्याचं झाड आहे का, हे मात्र तुम्ही विचारणार नाही. आणि त्या आभार मानतील, तेव्हा तुम्हाला फार बरं वाटेल.