सर्जाकाकांची रोजची खेप

सर्जाकाकांनी काढलेल्या फोटोत कोणालाही डोकं नसतं. पाय असतात, भरपूर असतात आणि अगदी लख्ख असतात. काका फारच रंगात आले तर कमरेपर्यंतचा माणूस मिळतो. त्याच्या वरचं सगळं देवावर सोडलेलं.

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत काका तळमजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मूळचे ते पाटणकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात चाळीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या आणि निवृत्त झाले. मग एके दिवशी मुलानं दिलेला मोबाइल हातात घेऊन त्यांनी जिन्यातच जाहीर केलं, की आजपासून रोज एक फोटो. एकच, आणि खाडा नाही. फोटो हा शब्दही ते वापरत नाहीत. गोणी इकडून उचलून तिकडे टाकायची एक फेरी म्हणजे खेप, तशी ही रोजची खेप. सकाळी समोर आले की नमस्कार-चमत्काराऐवजी "आजची खेप झाली बगा" किंवा "आजची राह्यलीया" असं सांगून मोकळे होतात.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. कधीकाळी दोन रविवारचा फोटोग्राफीचा वर्ग केला होता आणि हप्त्यांवर घेतलेला मोठा कॅमेरा कपाटात साड्यांखाली झोपलेला आहे. एवढ्या भांडवलावर काकांनी मला गुरू केलं. मीही लगेच झाले. फुकटचं गुरुपद कोण सोडतं?

काकांची फोटो काढायची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी मोबाइल कपाळाला लावायचा. मग दोन्ही तळहात चोळायचे, पाय फाकवायचे, गुडघ्यात वाकायचं, दम धरायचा आणि "हुप्प" म्हणून बटण दाबायचं. शंभर किलोची गोणी उचलल्यावर माणूस जसा श्वास सोडेल तसा सोडायचा. मग फोटो लांब धरून निरखायचा. बरा असेल तर "वजन हाय", नसेल तर "पोकळ भरली". पण पोकळ असला तरी दुसरा काढायचा नाही. उचललेली गोणी वाटेत टाकून दुसरी घ्यायची नसते, असं ते मला समजावतात.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाचे फोटो काढायचं काम त्यांनी हौसेनं मागून घेतलं. त्या दिवसापुरता एकाचा नियम ढिला केला, कारण हे देवाचं काम. संध्याकाळी ग्रुपवर बेचाळीस फोटो आले. चौरंगाचे पाय, पूजेला बसलेल्या जोडप्याचे चार तळवे, प्रसादाच्या रांगेतले घोटे आणि दारातल्या चपलांचा ढीग. चेअरमनबाई नवीन पैठणी नेसल्या होत्या, त्या पैठणीचा फक्त काठ आला. त्या चार दिवस काकांशी बोलल्या नाहीत. पण त्याच पूजेत तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींच्या नव्या कोल्हापुरी चपला गायब झाल्या होत्या. चोवीस नंबरच्या फोटोत त्या आमच्या सेक्रेटरींच्या पायात सापडल्या. सेक्रेटरी म्हणाले, गडबडीत बदलल्या असतील. जोशी म्हणाले, असतील. तेव्हापासून काकांच्या कलेकडे लोक जरा आदरानं बघतात आणि सेक्रेटरी त्यांना बघून रस्ता बदलतात.

मी शिकवायचा खूप प्रयत्न केला. मोबाइलच्या पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा आणून दिल्या आणि सांगितलं, माणसाचे डोळे वरच्या रेघेवर आले पाहिजेत. काकांनी त्यांना खिडकीचे गज असं नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं खेप दाखवायला वर आले. भाजीवालीचे पाय वरच्या गजावर आणि खाली नुसता रस्ता. मी कपाळावर हात मारला, तर ते म्हणाले, "गज बराबर धरलाय न्हवं?"

मध्यंतरी त्यांना सडकून ताप आला. मला वाटलं, आता साखळी तुटणार. तर पांघरुणातून बाहेर आलेल्या स्वतःच्या पायांचा फोटो काढून त्यांनी ती खेपही पोचवली. काकू मात्र वैतागलेल्या असतात. त्या मला म्हणाल्या, "संसार करून डोळं भरून तोंड बगितलं न्हाय माजं, आन् आता टाचंच्या भेगा गावाला धाडत्यात."

गावाला धाडतात, हे मला तेव्हा कळलं. कोणाला, ते विचारायचं राहूनच गेलं.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांना पहाटे खाडीवर घेऊन गेले. रोहित पक्षी आले होते. ओहोटी होती आणि नशीब असं जोरावर, की पक्षी अगदी काठाजवळच्या चिखलात उतरले होते. हातभर लांब लेन्स लावलेले पंधरा-वीस लोक रांगेनं उभे होते. त्यांच्यात आमचे काका लेंगा खोचून, मोबाइल कपाळाला लावून वाकले. "हुप्प" ऐकून दोघातिघांनी माना वळवल्या.

फोटो बघितला आणि मी ओरडलेच. चिखलातल्या पाण्यात गुलाबी काड्यांसारखे पाय, आणि त्या पायांच्या बुडाशी, पाण्यात चोच घालून, डोकी! दहा-बारा डोकी! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काकांच्या फोटोत कोणाला तरी डोकं आलं होतं. काकाही नाचायचेच बाकी होते. त्यांनी शेजारच्या लेन्सवाल्याच्या नाकासमोर मोबाइल धरला, त्या बिचाऱ्यानंही मनापासून वा वा केली.

"ही पाखरं आमच्यातलीच हायती ताई," काका म्हणाले. "मान खाली घालून पोट भरत्यात."

त्यांनी तो फोटो लगेच कोणाला तरी पाठवला आणि काठावर बसून पडद्याकडे टक लावली. समोरच्यानं फोटो बघितला की दोन निळ्या खुणा उमटतात, त्यांची वाट बघत होते. कोणाला पाठवला, असं मी विचारलं, तर म्हणाले, मारुतीला; आणि तेवढ्या वेळात मला सगळं समजलं.

मारुती म्हणजे काकांचा जोडीदार. मार्केटात दोघं एकाच टोळीत, एकाच वयाचे, शेजारच्या वाडीतले. चाळीस वर्षं एकमेकांच्या पाठीवर गोणी चढवली. पाठीवर ओझं असलं की मान वर होत नाही, मग पुढचा माणूस पायांवरूनच ओळखायचा. गर्दीत मारुती कुठे आहे ते काका त्याच्या टाचा बघून सांगत. त्या मारुतीला गावी दीड वर्षापूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी हात रोज हलवायला सांगितला होता, नाहीतर तो कायमचा तसाच राहील. पण गड्यानं खचून जाऊन सगळंच सोडून दिलं. जीभ अडखळते म्हणून फोनवर यायलाही लाज वाटे. काकांनी दोनदा गावी जाऊन विनवलं, तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"मग म्या त्याच्या सुनंला सांगितलं, मी रोज एक खेप धाडतो. तू मोबाइल त्याच्या उशाला ठिवायचा, पर उघडायचा न्हाय. त्याचा त्यानं उघडायचा. आन् मारुतीला निरोप दिला, माजी खेप रोज येनार. एक तरी तुजी येऊ दे, त्या मेलेल्या हातानं."

"मग? उघडतात ते?"

"रोज उघडतोय. पर डाव्या हातानं, सून सांगती. लबाड हाय."

निळ्या खुणा उमटल्या. काका समाधानानं उठले आणि म्हणाले, चला, आता भजी खाऊ. मीही त्यांच्यामागून उठले. इतके दिवस मी या माणसाला गज शिकवत होते, याची मला मनापासून लाज वाटली.

त्यानंतर मी त्यांच्या फोटोतल्या डोक्यांची चौकशी बंद केली आणि मारुतीरावांची सुरू केली. उत्तर एकच असे: उघडला, डाव्या हातानं.

परवा सकाळी कंपनीची बस पकडायला मी चपला घालत होते, तोच काका जिना चढून आले. धाप लागलेली. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मारुतीकडून फोटो आला होता. वाकडा, हललेला. छपराचे वासे, वाशाला लटकलेला दिवा, एवढंच. त्यातही उजवीकडचा वरचा कोपरा झाकून गेलेला. गुरुपद माणसाला सुधारू देत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, बोट आलंय लेन्सवर."

"व्हय," काका म्हणाले. "नीट बगा."

मी नीट बघितलं. ते बोट आखूड होतं. वरचं पेर नव्हतं, नखही नव्हतं.

"उजव्या हाताचं हाय ते. आमी टरक खाली करत हुतो, माज्या हातनं टरकचा मागचा फाळका सुटला आन् त्याचं पेर गेलं. लई वर्सं झाली. त्यानं कदी बोलून दाखवलं न्हाय." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मग पुसतच राहिले.

बस खाली हॉर्न वाजवून निघून गेली. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मलाही आनंदानं रडू येत होतं आणि ते लपवायची मला काही गरज वाटली नाही.

"ताई, ह्यो मोठा करून आना वाशीतनं," जरा वेळानं काका म्हणाले. "काचंत बसवायचाय. आन् त्या दुकानवाल्याला बजावून सांगा, कडंनं कापू नको म्हनावं. बोट सगळं आलं पायजे."