जिभेखालचा पडदा

स्नेहलला वाटायचं, सासऱ्यांना नातू आवडलेलाच नाही. बारसं होऊन महिना उलटला, पण धर्माजींनी स्वराजला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. पाळण्यापाशी यायचे, खाकरायचे आणि गोठ्याकडे निघून जायचे. त्यात पोराला दूध ओढता येईना. दोन घोट प्यायचा, दमून झोपायचा, वजन काही वाढेना. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात बोट घालून सांगितलं, "जीभ खाली पडद्यानं बांधली गेलीय. गुरुवारी या, सोडवते. दुपारपर्यंतच असते मी. आणि आता उशीर नको, पोर खंगतंय."

आता आतली गोष्ट. तसलाच पडदा धर्माजींच्याही जिभेखाली होता. ‘र’ म्हणायला गेले की ‘ल’ निघायचा. शाळेत पोरं हसली, तेव्हापासून माणूस गप्प झाला तो झालाच. स्वतःच्या नावातही तोच ‘र’, म्हणून सोयरिकीला गेले तरी नुसतं "मी लोणीचा" म्हणायचे. भावकीला वाटायचं, काय खोल माणूस आहे. भांडणं मिटवायला त्यांनाच नेऊन बसवायचे. खरं काय ते फक्त बायकोला, शीलाबाईंना ठाऊक. आपलंच दुखणं नातवाला लागलं, ह्या विचारानं म्हातारा आतून पार खचला होता.

फोन करायचा तर बोलावं लागतं. म्हणून बुधवारी त्यांनी भावकीच्या ग्रुपवर टाकलं, "उद्या सकाळी स्वराजला नेणार आहोत. सर्वांनी प्रार्थना करावी." खाली जोडलेले हात टाकले आणि चष्मा काढून झोपले.

आता ग्रुपवर वाचतो कोण? वरच्यानं टाकलं तेच खालच्यानं टाकायचं, ही तिथली रीत. कळंबच्या कुंडलिकरावांनी "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकलं. मग सगळ्या भावकीनं तेच टाकलं.

गुरुवारी सकाळी अंगणात टोप्या जमल्या. बोळ गाड्यांनी भरून गेला. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली, कारण असल्या घरी चूल पेटत नाही. शीलाबाईंना वाटलं, भावकीत कोणीतरी गेलं. कोण गेलं हे विचारणं बरं दिसेना, म्हणून त्याही डोळ्याला पदर लावून बायकांत बसल्या.

स्नेहलचा नवरा अमृत गाडी काढायला गेला, तर पुढं कळंबची पिकअप आडवी.

"गाड्या काढा, उशीर व्हतोय," तो म्हणाला.

"आता कसली घाई रं लेकरा," म्हणत दोघांनी त्याला मिठी मारली आणि सोडलंच नाही.

धर्माजी बाहेर आले, एवढी माणसं पाहून गांगरले आणि सवयीनं हात जोडून उभे राहिले.

"कवा झालं?" कुंडलिकरावांनी हळूच विचारलं.

धर्माजींनी नकारार्थी मान हलवली.

"बोलवंना बिचाऱ्याला. लई जीव व्हता नातवावर," कुंडलिकराव मागं वळून म्हणाले. "माती कुठं द्यायची तेवढं सांग राव. कुदळ मी आणलीय."

नेमकी तेव्हाच स्नेहल स्वराजला दुपट्यात गुंडाळून बाहेर आली. पोर अशक्तपणानं निपचित झोपलेलं. बायकांनी हंबरडा फोडला. सोनीबाई नावाच्या चुलत सासूनं पुढं होऊन दुपट्याला हात घातला.

"दे पोरी. किती वेळ धरशील? मोह सोड आता."

"सोडा त्याला. असं काय करताय तुमी?" म्हणत स्नेहल रडायलाच लागली. मग तर कोणाला शंकाच उरली नाही. कुंडलिकराव कुदळ घेऊन पुढे झाले.

धर्माजींनी कुदळीकडे बघितलं. जन्मभर जपलेली अब्रू समोर बसली होती, सगळी भावकी.

"हात लावू नका," ते म्हणाले. "पोल जित्तं हाय. दूध पिता येत न्हाई त्याला. माझ्या स्वलाजला मंचलला न्यायचंय. गाड्या घ्या माघाली."

रडणं जागीच थांबलं. हसलं कोणीच नाही. कुंडलिकराव कुदळ पाठीमागे लपवत म्हणाले, "मग ग्रुपवर कोण म्हणलं गेला म्हणून?"

"तुमीच," अमृत म्हणाला.

बोळ मोकळा व्हायला वेळ लागला, पण डॉक्टरीणबाई भेटल्या. नख काढायला लागतो तेवढ्या वेळात काम झालं. स्वराज किंचाळला आणि लगेच आईला असा बिलगून प्यायला लागला, की स्नेहलच्या डोळ्यांचं पाणी थांबेना.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "ह्याचं नाव घेत नव्हता ते ह्या ‘र’मुळं?"

"हसतील म्हणून."

"हसू द्या की. मारा हाक."

संध्याकाळी धर्माजी पाळण्यापाशी बसले ते उठेनातच. "स्वलाज. ए स्वलाज." शीलाबाई सकाळचं पिठलं गरम करता करता ऐकत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"एक इचारू का?"

"इचाल की."

"चाळीस वर्सं संसार केला. माझ्या नावात तर ‘र’ न्हाई. मग ते का कदी घेतलं न्हाई?"

स्वराज केव्हाच झोपला होता. तरी धर्माजी बराच वेळ पाळणा हलवत राहिले.