पासिंगच्या साजाची आणि वांकड्या करंगळीची हकिकत

श्री. विघ्नें हरणारा गजमुख, घाटमाथ्यावरील वाघजाई आणि बंपरास लोंबणारें लिंबू-मिरची, या तिघांस नमन करोन लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं मातुश्री द्वारकाबाई ताकवले आपले चिरंजीव हैबतराव यांजवर बहुत नाराज जाहल्या. कारण ऐसें जे, राव घरच्या तिन्ही प्रवासी गाड्यांचे मुखत्यार, आणि त्यांहीं गरुड नामें थोरल्या गाडीस सात सुरांचा हॉर्न बसविला, छतास निळे दिवे लाविले, परंतु टायर झिजोन गुळगुळीत जाहले त्यांजकडे पाहिलें नाहीं. मातुश्री बोलिल्या, “घाटात गाडी घसरली तर हॉर्न काय हात देणार आहे रे?” राव बोलिले, “आई, गिऱ्हाईक हॉर्न ऐकून चढतं. टायर वाकून कोण बघतंय?” मातुश्री शाळेत दुसऱ्या यत्तेपावेतोंच गेल्या होत्या, परंतु पतीचे बरोबरीनें त्यांहीं पहिला ट्रक हँडल मारोन चालू केला होता, त्या हँडलानें उलट झटका देवोन उजवे हाताची करंगळी मोडली, ती वांकडीच बसली, आणि तें वांकडेपण त्या पाटल्यांहून अधिक दिमाखानें मिरवीत.

आतां त्या राज्याचा कायदा ऐसा कीं, प्रत्येक मोटारीनें सालाबादप्रमाणें सरकारी मैदानावर हजर व्हावें, अंमलदारांनीं टायर पाहावे, आग विझविण्याचें नळकांडें पाहावें, औषधांची पेटी पाहावी, संकटसमयीं उघडावयाचा मागील दरवाजा पाहावा, आणि मग गाडी रस्त्यास लायक ऐसा दाखला द्यावा, यासी पासिंग म्हणतात. दरबारचा हेतू थोर. मालक लोकांची अक्कल त्याहून थोर. त्यांहीं ऐसें केलें जे, उत्तम टायरांचा एक संच, एक नळकांडें आणि एक पेटी वेगळी राखावी, पासिंगचे दिवशीं गाडीवर चढवावी, मागल्या दरवाजाआड ठोकलेलें बाकडें उतरवावें, आणि दाखला मिळतांच सारें पूर्ववत करोन साज दुसऱ्या गाडीवर घालावा. मातुश्री टायरांवरोन लेकाशीं भांडत, परंतु या रिवाजांत त्यांस गैर वाटलें नाहीं. लग्नांत नवरी शेजारणीची ठुशी घालते, तैसाच हा सरकारापुढें मिरवावयाचा साज, ऐसें त्या समजत.

मार्गशीर्षांत तिन्ही गाड्यांचें पासिंग एकेच दिवशीं आलें, आणि त्याच दुपारीं नात मंजुळा हिचें वऱ्हाड घाटाखालीं जावयाचें होतें. मग रावांहीं मसलत केली कीं, गरुडाचें पासिंग आधीं करावें आणि वऱ्हाड मैदानाबाहेरोनच गाडींत बसवावें. वऱ्हाड नटोनथटोन आलें, मातुश्री शालू नेसोन आल्या, आणि सरकारापुढें जावयाची वस्तू पूजिल्याविना जाऊं नये म्हणोन त्यांहीं हळद कालवोन नळकांड्यावर पांच बोटांचा पंजा उमटविला.

मैदानीं अंमलदार शिराळकरबाई नवीन आल्या होत्या. त्यांहीं गरुड तपासिला, मान डोलविली, दाखला दिला. मग गरुड चहाचे टपरीमागें गेला, साज उतरला, गुळगुळीत टायर परत चढले, मागील दरवाजाआड बाकडें ठोकलें गेलें, त्या बाकड्यावर मंजुळा मैत्रिणींसह बसली आणि हॉर्न सातही सुरांत गायिला. इकडे दुसरी गाडी साज लेवोन बाईंपुढें उभी राहिली. बाई नळकांड्याजवळ थबकल्या, पंजा निरखोन पुढें गेल्या. तिसरी गाडी आली तेव्हां मात्र त्या थेट मातुश्रींपाशीं आल्या.

“आजी, उजवा हात दाखवा बघू.”

“का ग? भविष्य सांगतेस?”

“सांगते की. दाखवा तर.”

मातुश्रींनीं हात पुढें केला. हळद नखांत तशीच होती. बाईंनीं नळकांड्यावरील पंजाशेजारीं तो धरिला, करंगळी करंगळीस मिळाली.

“तिन्ही गाड्यांवर हाच हात, आजी. तोही सुकत सुकत आलेला.”

राव पुढें सरसावोन बोलिले, “मॅडम, आमच्या घरची पद्धत आहे. सगळ्या गाड्यांची पूजा होते.”

“पूजा सगळ्यांची आणि नळकांडं एकच?” बाई हांसल्या, आणि टपरीकडे पाहोन मातुश्रींस म्हणाल्या, “पहिली गाडी कुठं निघालीय?”

“नातीचं वऱ्हाड आहे. घाटाखाली.”

“साज घालून, की उतरवून?”

मातुश्री शालूचा काचा मारोन टपरीमागें चालत गेल्या, वांकोन टायरावरोन वांकडी करंगळी फिरविली, आंतली तार बोटास टोंचली. मग मागें जावोन दरवाजा ओढिला, तो उघडेना, आणि आंतोन मंजुळा कांच ठोकोन बोलिली, “आजी, इकडून नाही गं येत! पुढून ये!”

तें ऐकतांच मातुश्रींचा चेहरा पालटला. त्यांहीं साऱ्या वऱ्हाडास खालीं उतरण्याचा हुकूम केला. व्याही खोळंबतील म्हणोन राव विनवूं लागले. मातुश्री म्हणाल्या, “खोळंबू देत. नवरी येईल त्यांच्याकडे, बातमी नाही.”

मग अंमलदारबाईंनीं दाखले परत घेवोन तिन्ही गाड्या अडकवोन ठेविल्या, आणि ताकवल्यांचें वऱ्हाड, ज्यानें सरकारी लाल गाडीस जन्मभर डबडें म्हटलें, तें त्याच लाल गाडींत रुखवतासकट उभें राहोन घाट उतरलें. ठरला मुहूर्त टळला, गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, मंजुळा सुखरूप सासरीं गेली.

तात्पर्य, कायदा दरबारचा, साज मालकांचा, आणि घाट कोणाचाच नव्हे. दरबारनें शिराळकरबाईंच्या चोख कामाची कदर लागलीच केली, त्यांची बदली जेथें रस्ताच नाहीं ऐशा परगण्यांत जाहली. पुढें ताकवल्यांच्या प्रत्येक गाडीस स्वतःचा साज आला, तो दरबारच्या धाकानें नव्हे, तर मांडवांत पंगत बसली असतां मातुश्रींनीं साऱ्या विहिणींदेखत जो निवाडा केला त्याच्या धाकानें. राव जिलबी वाढीत होते. मातुश्रींनीं पान अर्धें ठेवोन हांक मारिली:

“हैबत, ती परात ठेव आणि इकडं बघ. सरकारातून गाडी सुटली की नवे टायर चढेपर्यंत तिच्यात एकच पॅसेंजर बसेल, तो म्हणजे तू. मागच्या बाकड्यावर, बंद दाराला पाठ लावून. तुझा तो सात सुरांचा हॉर्न मांडीवर घे. घाटात भीती वाटली की तोच वाजव, आईला हाक मारायची नाही.”