दत्तूनाना आणि मोकळ्या सीटा

दत्तूनाना कुणाच्याही घरी गेले तरी लगेच बसत नाहीत. आधी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी हलवून बघतात, गादी अंगठ्याने दाबतात, गुडघ्यात वाकून खालून नजर टाकतात आणि मग टेकतात. तोवर चहा निवून गेलेला असतो. आमच्या सोफ्याबद्दल पहिल्याच भेटीत म्हणाले, "डावीकडची स्प्रिंग दमली हाय, गुरुजी. सीट बोलती. आपुन ऐकाय पायजे."

नाना कोल्हारला माझे शेजारी. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या सीटा दुरुस्त करण्यात गेली. कुठे कापड फाटलेलं, कुठे पाठ मागे जात नाही. सगळ्या विमानांत त्यांचा जीव जम्बोवर. "जम्बो म्हंजी गाव हाय. वर माडी, खाली पेठ."

माणसंही ते बसण्यावरूनच ओळखतात. आमच्या एका पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत असं, की "मानूस बरा, पर लई मागं रेलतो. मागच्याच्या गुडघ्याचा इचार न्हाई." एकदा एसटीने राहुरीला निघाले होते. समोरची सीट उसवलेली दिसली. खिशातून सुई-दोरा काढून शिवायला बसले. राहुरी आली तेव्हा टाके अर्धेच झाले होते, म्हणून नाना तसेच पुढे नगरपर्यंत गेले.

एका सकाळी मी त्यांना मोबाईलवर एक बातमी दाखवली. परदेशातला एक फुटबॉल संघ सामन्याला निघाला होता आणि त्यांच्यासाठी अख्खा जम्बो ठरवला होता. विमान म्हातारं. थोड्याच दिवसांत ते मोडीत निघणार होतं. आतला व्हिडिओ सुरू झाला. खेळाडू हसत होते, हात हलवत होते.

"त्या उंच गड्याला जरा सरकाय सांगा," नाना मोबाईलकडे बघत म्हणाले. "सीट दिसंना."

कॅमेरा मागे सरकला. चार-दोन खेळाडू तीन-तीन सीटांवर आडवे झाले होते. त्यांच्या मागे रांगाच्या रांगा रिकाम्या.

"थांबवा," नाना म्हणाले.

मी थांबवलं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"लई मोकळ्या हायत ओ."

मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांच्या शेजारात मी कधी ऐकलं नव्हतं. कंपनी कामगाराला आणि त्याच्या बायकोला फुकट तिकिटाचा पास द्यायची, पण सीट मोकळी राहिली तरच. नाना मुंबईत, बायको सिंधू इकडे कांदा-ऊस बघणारी. एकदाच तिला दिल्ली दाखवायची ठरली. नवं लुगडं नेसून ती खिडकीशी बसली. "ही सीट मी शिवलीय, असं तिला सांगत हुतो. तेवढ्यात साहेब आला. म्हनला, खेळाडूंची टीम आलीय, जागा करा."

दोघं जिन्याने खाली उतरली. सगळं विमान बघत होतं.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हनली, बसले की मी, झालं. पोरांना खेळाय जायचं हाय, जाऊ द्या." नानांनी मोबाईल बाजूला सारला. "मला लई लाज वाटली गुरुजी. पुन्हा कदी पास मागितला न्हाई. तीबी कदी बोलली न्हाई. आता तीच न्हाई."

मी म्हणालो, शिर्डीचं विमानतळ तासाभरावर आहे, आपण विमानाने कुठेतरी जाऊ. आठवड्याने नाना सून मंगलला घेऊन आले. नानांच्या आजारपणात आणि सिंधूताईंच्या शेवटच्या दिवसांत सगळं तिनेच केलं होतं. तिच्या नवऱ्याला कारखान्यातून रजा मिळत नव्हती.

"हिला न्यायचं," नाना म्हणाले. "मी आपला सोबतीला."

"मामा, मला नाही जमायचं ते," मंगल म्हणाली. पण ती आली.

हैदराबादचं विमान होतं, जम्बोपुढे लहानसं. मंगलला खिडकीशी बसवलं, मध्ये नाना, कडेला मी. मंगल सारखी काचेला नाक लावत होती. नाना मात्र दाराकडे बघत होते. कुणी आत आलं की त्यांची मान ताठ व्हायची. शेवटी हवाई सुंदरी पट्टे तपासत आमच्यापाशी आली.

"बाई," नाना हळूच म्हणाले, "आता कुनाला उतरवत न्हाईत ना?"

तिला आधी कळलं नाही. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दार लागलं, काका. आता कुणीच उतरत नाही."

नानांनी पुढच्या सीटला घट्ट धरलेला हात सोडला.

"मंगल," ते म्हणाले, "भायेर बघ. निघालं."